ग्राफिक कार्ड आणि डिचोलीचा बुधवार

सकाळी ७.३०

जून लागला की फोनवरच्या चौकशांचा विषय बदलतो. मुलांचे प्रवेश चालू असतात. कुणी पणजीला आल्तिनोवर आर्किटेक्चर शिकायला जाणार, कुणी मयेच्या पॉलिटेक्निकात डिप्लोमा करणार, कुणाला ॲनिमेशन शिकायचं असतं. घरात एक लॅपटॉप आधीच असतो, करोनाच्या काळात ऑनलाइन वर्गांसाठी घेतलेला. नवा घ्यायचा म्हणजे साठ-सत्तर हजारांची बाब. म्हणून पालक आधी विचारून बघतात, ‘‘दादा, ह्याच लॅपटॉपात ग्राफिक कार्ड बसेल का?’’

चहा घेता घेता मी सगळ्यांना सारखंच उत्तर पाठवतो. लॅपटॉप उलटा करून तळाच्या स्टिकरचा फोटो पाठवा, आणि मुलाला त्यावर नेमकं कसलं काम करायचंय तेही लिहा. फोटो बहुतेक जण लगेच पाठवतात. कामाचं मात्र पुन्हा विचारावं लागतं, आणि माझ्या दृष्टीनं तेच जास्त महत्त्वाचं असतं.

सरळ उत्तर मी कुणापासून लपवत नाही. बाजारात मिळणाऱ्या जवळजवळ सगळ्या लॅपटॉपांचं ग्राफिक बदलता येत नाही. साध्या लॅपटॉपात ते वेगळं नसतंच; प्रोसेसरच्या पोटातच असतं. इंटेलचं यूएचडी किंवा आयरिस, एएमडीचं रेडिऑन, ही सगळी त्यातलीच. गेमिंगच्या लॅपटॉपात एनव्हिडियाची किंवा एएमडीची वेगळी चिप असते खरी, पण ती मदरबोर्डला सोल्डर केलेली असते. काढून दुसरी खोचावी असा स्लॉट तिथे नसतो. तरीही एवढं सांगून फोन ठेवला तर माझं काम अर्धवट राहिलं असं मी मानतो. कार्ड मागणाऱ्याला खरं तर काहीतरी करायचं असतं, आणि ते करायची वाट पुष्कळदा दुसरीकडून निघते.

९.००

बुधवार म्हणजे डिचोलीचा आठवड्याचा बाजार. साळ, नार्वे, मये, मुळगाव, पलीकडे दोडामार्ग, असं चहूकडून माणूस बाजाराला येतं, आणि येताना बंद पडलेला लॅपटॉपही पिशवीत घालून आणतं. पावसात भिजत आलेला लॅपटॉप मी लगेच चालू करत नाही. तळ उघडायचा, बॅटरीची वायर काढायची आणि पंख्याखाली ठेवायचा. बोर्डावर ओल असताना बटण दाबलं तर जिवंत बोर्डही शॉर्ट होतो. उघडे बोर्ड रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवलेले असतात. ते बाहेर काढून, मायक्रोस्कोपचं भिंग पुसून दिवस सुरू होतो.

९.४५

मयेहून एक वहिनी मुलाला घेऊन आल्या. लॅपटॉप ११व्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा, रॅम ८ जीबी. मुलाला ब्लेंडर शिकायचंय. तो जरा रागातच होता.

‘‘काका, खोक्यावर आयरिस एक्सई लिहिलंय, आणि टास्क मॅनेजरात यूएचडी दाखवतंय. आम्हाला फसवलं काय?’’

‘‘फसवलं नाही रे. थांब, दाखवतो.’’

तळ उघडून त्याला रॅमचे दोन स्लॉट दाखवले. एकात ८ जीबीची पट्टी, दुसरा रिकामा. प्रोसेसरमधल्या ग्राफिकला स्वतःची मेमरी नसते. ते ह्याच रॅमवर चालतं. डीडीआर४ ३२०० जातीची एक पट्टी सेकंदाला फार तर २५.६ जीबी माहिती ने-आण करते. दोन्ही स्लॉट भरले की दोन वाटा एकदम उघडतात आणि आकडा ५१.२ वर जातो. स्वतःची मेमरी असलेल्या जीटीएक्स १६५०सारख्या साध्या कार्डाला १९२ जीबीपर्यंत मिळतात. ग्राफिक कुठे उपाशी राहतं ते ह्या तीन आकड्यांवरून कळतं. आणि इंटेलचा नियम असा की, दोन्ही वाटा चालू असतील तरच त्या ग्राफिकला आयरिस एक्सई म्हणायचं, नाहीतर यूएचडी. चिप तीच असते.

रिकाम्या स्लॉटमध्ये ८ जीबीची दुसरी पट्टी बसवली आणि लॅपटॉप चालू केला. टास्क मॅनेजरात नाव बदललेलं दिसलं तेव्हा मुलाचा चेहराही बदलला. त्याच्या ब्लेंडरच्या फाइलमधलं घर आता अडखळत नव्हतं, माउसबरोबर फिरत होतं.

वहिनींना मी उरलेलंही सांगितलं. शिकायला हे पुरेल. मोठं दृश्य रेंडर करायला टाकलं तर अजूनही रात्र जाईल, ते रॅमनं सुटणारं नाही. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, कारण एआयची डेटा सेंटरं मेमरी उचलताहेत. तरीही नव्या लॅपटॉपच्या मानानं हा खर्च किरकोळ. मात्र पातळ लॅपटॉपांत आता रॅमसुद्धा बोर्डाला सोल्डर केलेली येते. तिथे हा उपायही हातातून जातो. म्हणून आधी उघडून बघायचं आणि मगच पट्टी मागवायची.

११.१५

साखळीचा एक मुलगा फार्मागुडीला इंजिनियरिंग शिकतो. त्यानं घरी स्वतः लॅपटॉप उघडला होता, स्क्रू नीट कागदावर चिकटवून आणले होते. बोर्डाच्या एका जागेवर बोट ठेवून म्हणाला, ‘‘दादा, इथे कार्डाची जागा आहे. चिप ऑनलाइन मिळते. तुम्ही बसवून द्याल?’’

मायक्रोस्कोपखाली बोर्ड धरला. प्रोसेसरच्या शेजारी खरोखरच एक मोकळा चौकोन होता, त्यावर शेकडो चकचकीत ठिपके ओळीनं मांडलेले. कंपनीनं एकच बोर्ड दोन मॉडेलांसाठी छापलेला. महागड्या मॉडेलात तिथे एनव्हिडियाची चिप येते, स्वस्तात जागा तशीच सोडतात.

‘‘आता त्या चौकोनाच्या बाजूला बघ.’’ तिथे आणखी आयताकृती जागा रिकाम्या होत्या. त्या ग्राफिकच्या मेमरीच्या. त्यांच्या खाली कॉइल आणि मॉसफेटची रिकामी रांग. चिपला वीज देणारी सगळी व्यवस्था गायब. मग तांदळाच्या कणीहून बारीक रेझिस्टर-कपॅसिटर, जागोजाग नसलेले. त्यांतले काही रेझिस्टर चिपला कुठल्या कंपनीची, किती मेमरी जोडलीय ते सांगतात. ते चुकले तर चिप जागीच होत नाही. शेवटी मी हिटसिंक उचलून दाखवला. तांब्याची नळी फक्त प्रोसेसरवरून जात होती. ग्राफिकची उष्णता न्यायला नळीच नव्हती. बायोसही त्या दुसऱ्या मॉडेलचं लागणार आणि ॲडॅप्टरही मोठा.

म्हणजे ह्या कामात चिप हा सगळ्यात सोपा भाग. खरा मार्ग एकच असतो: त्याच मॉडेलचा कार्डवाला अख्खा मदरबोर्ड त्याच्या हिटसिंकसकट आणायचा आणि बदलायचा. ते होतं, मी करतो. पण बोर्ड जुन्या लॅपटॉपातून काढलेला असतो, त्याचं आयुष्य किती उरलं ते कुणी सांगत नाही, आणि किंमत नव्या लॅपटॉपच्या निम्म्यावर गेली की मीच गिऱ्हाइकाला थांबवतो. ह्या मुलालाही थांबवलं. तो नाराज झाला नाही. बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून बसला आणि जाताना विचारलं, सुट्टीत शिकायला येऊ का. ये म्हटलं.

१२.३०

दोडामार्गचे एक दुकानदार गेमिंगचा लॅपटॉप घेऊन आले. मुलगा नोकरीला बाहेर गेला, लॅपटॉप दुकानाच्या हिशोबाला उरला. डिस्प्ले गेला तेव्हा दुसरीकडे कुणीतरी ग्राफिकच्या चिपला हॉट एअर मारून दिला. थोडे दिवस चालला आणि पुन्हा काळा पडला. चिपच्या कडेचा बोर्ड करपून तपकिरी झाला होता.

ह्या प्रकाराबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्यात गिऱ्हाईक दोनदा पैसे मोजतं. चिपच्या पोटाखाली सोल्डरचे बारीक गोळे असतात. शिसं असलेलं नेहमीचं सोल्डर १८३ अंशांना वितळतं. २००६ साली युरोपनं शिशावर बंधन आणल्यावर कंपन्यांनी जे बिनशिशाचं सोल्डर घेतलं ते साधारण २१७ अंशांना. गोळे काढून नवे बसवणं म्हणजे रिबॉलिंग. ते नीट केलं तर टिकतं, पण बिघाड गोळ्यांत असला तरच. पुष्कळदा तो चिपच्या आत, सिलिकॉन आणि त्याखालच्या पट्टीच्या सांध्यात असतो. २००८ साली एनव्हिडियाला लॅपटॉपच्या अशाच सदोष चिपांसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागले होते. तिथे बाहेरून कितीही गरम केलं तरी आतली भेग तात्पुरती मिटते आणि पुन्हा उघडते.

मी आधी त्यांची डिस्क काढून सगळा हिशोब दुसऱ्या डिस्कवर उतरवला. मग विचारलं, ‘‘शेट, ह्यावर गेम कुणी खेळतं?’’

‘‘कोण खेळणार? टॅली आणि जीएसटी, बस.’’

मग ग्राफिकची गरजच काय? ह्या लॅपटॉपात स्क्रीन प्रोसेसरच्या ग्राफिकला जोडलेला होता; एनव्हिडियाची चिप मागून नुसती मदत करायची. मीटर लावून तिच्या विजेची वाट शोधली आणि ती तोडली. मेलेली चिप बोर्डापासून अलग झाल्यावर बोर्ड उठला, स्क्रीनवर अक्षरं आली. प्रत्येक मॉडेलात हे जमत नाही; जिथे स्क्रीन थेट मोठ्या चिपला जोडलेला असतो तिथे नाही. इथे जमलं. हिशोबाचं काम आणखी काही वर्षं ह्यावर होईल.

१.१५

दुकान बंद करून घरी. ट्रॉलरांवर जून-जुलै बंदी असते, त्यामुळे ताटात शीतकढी आणि सुक्या गोलम्याची किसमूर. तीनपर्यंत बाजारही निजलेला असतो.

जेवून पडलो की मला हमखास डेस्कटॉपच्या कॅबिनेटचे दिवस आठवतात. २००२च्या सुमारास सायबरएज योजना आली आणि गोव्यातल्या उच्च माध्यमिकच्या मुलांच्या घरी संगणक पोचले. माझ्यासारख्या कितीतरी जणांचा हात तेव्हाच्या डेस्कटॉपांवर बसला. बाजूचं पान काढलं की आत सगळं उघडं दिसायचं. ग्राफिक कार्ड एका स्क्रूवर उभं. काढा, दुसरं खोचा, ड्रायव्हर टाका. चुकलं तरी फार बिघडत नसे. खेड्यातल्या मुलानं धीर करून पेटी उघडावी आणि तिचा कारागीर व्हावं, हे त्या स्लॉटांमुळे झालं.

लॅपटॉपातही तसा स्लॉट आणण्याचा प्रयत्न झाला. २००४ साली एनव्हिडियानं एमएक्सएम नावाचं माप पुढे आणलं: तळहाताएवढं कार्ड, एका कडेला दात, बोर्डावर आडवं बसणारं. डेलच्या प्रिसिजन, एचपीच्या एलिटबुक आणि झेडबुक वर्कस्टेशनांत, एलियनवेअर, एमएसआय आणि क्लिव्होच्या जाड लॅपटॉपांत ते वर्षानुवर्षं आलं. पण स्लॉटला उंची लागते, हिटसिंकचा आकार कंपनीगणिक वेगळा, आणि गिऱ्हाइकाला तर पातळ लॅपटॉप हवा. हळूहळू कंपन्यांनी चिप बोर्डालाच डकवून टाकली. अलीकडे अमेरिकेच्या फ्रेमवर्क कंपनीनं मात्र १६ इंची लॅपटॉप असा काढलाय की, त्याचा ग्राफिकचा भाग स्क्रू काढून बदलता येतो. आधी त्यासाठी रेडिऑन आरएक्स ७७००एस होतं, २०२५ साली त्याच जुन्या लॅपटॉपात बसेल असं आरटीएक्स ५०७० दिलं. ही गोष्ट होण्यासारखी आहे, एवढं त्यावरून सिद्ध झालं. बाकीच्यांनी ठरवायचं आहे.

३.००

जुन्या व्हॅनमध्ये हत्यारांची पेटी टाकून पेडण्याला एका गिऱ्हाइकाकडे निघालो. अस्नोडा, थिवी, कोलवाळचा पूल, धारगळ. पावसानं रस्ता धुतलेला. मोपाचा विमानतळ २०२३च्या जानेवारीत चालू झाल्यापासून ह्या बाजूची वर्दळ वाढली, किनाऱ्यावर घरून काम करणारी माणसं आली आणि त्यांच्यामागे महागडे लॅपटॉपही. तालुक्यातल्या तुये गावी इलेक्ट्रॉनिक मॅन्युफॅक्चरिंग क्लस्टरचा सरकारी प्रकल्प आहे. तिथे वस्तू जोडायचं काम येईल तेव्हा दुरुस्तीचं शिक्षणही यावं, असं मला वाटतं. पेडणे आणि डिचोलीच्या आयटीआयमधून निघालेल्या मुलाला बोर्ड वाचता आला तर त्याला बाहेरगावी जावं लागणार नाही.

४.००

पेडण्याचा हा गिऱ्हाईक लग्नांचं शूटिंग करतो, आणि हिवाळाभर दशावतार. गावोगावच्या जत्रांतले दहीकाले रात्र रात्र जागून टिपतो. एकेका नाटकाचं पाच-सहा तासांचं चित्रण. पाऊस लागला की घरी बसून एडिटिंग. त्याच्याकडे मुंबईहून आणलेला जुना डेल प्रिसिजन एम६८०० आहे, साडेतीन किलोंचा. आणि हा त्या थोड्या लॅपटॉपांपैकी, ज्यांचं ग्राफिक खरोखर बदलता येतं.

तळाचं झाकण काढलं आणि त्यालाही दाखवलं. हिटसिंकचे स्क्रू सोडवल्यावर खाली एमएक्सएमचं कार्ड: ८२ बाय १०५ मिलिमीटर, मध्ये चिप, भोवती मेमरी, कडेला सोनेरी दात. क्वाड्रो के३१००एम, ४ जीबीचं. डेलनं ह्याच मॉडेलात के५१००एमही दिलं होतं, ८ जीबीचं आणि दुप्पट कोअरचं. ७५ वॉटच्या जागी १०० वॉट खाणारं, पण स्लॉट तोच. त्यानं जुन्या बाजारातून ते हेरून ठेवलं होतं. ‘‘दादा, घेऊ ना? ह्यात तर बसतं!’’

बसतं. पण मी त्याला आधी कॅमेऱ्याची फाइल चालवायला लावली. नवा मिररलेस कॅमेरा, ४के, एच.२६५ जातीचं १०-बिट चित्रण. दर दोन सेकंदांनी चित्र थबकत होतं. ही फाइल उलगडायला चिपमध्ये खास जागा असावी लागते. त्याच्या चौथ्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमध्ये ती नाही. के३१००एममध्ये नाही आणि के५१००एममध्येही नाही. दोन्ही केप्लर पिढीची. त्या पिढीसाठी एनव्हिडियानं नवे ड्रायव्हर काढणं थांबवलंय आणि एडिटिंगची नवी सॉफ्टवेअरं ती कार्डं घेतही नाहीत. स्लॉट होता, कार्ड मिळत होतं, मी बसवूनही दिलं असतं. पण नाटकातला थबकणारा राजा थबकतच राहिला असता.

म्हणून आम्ही दुसरं केलं. चित्रणाच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, रात्री बनवायला लावून ठेवायच्या. कापाकापी त्यांवर करायची, शेवटी मूळ फाइल जोडून एक्सपोर्ट टाकायचा. त्याच्यासमोर एका प्रवेशाची प्रॉक्सी करून दिली. टाइमलाइन सरळ धावायला लागली; पखवाजाच्या थापेवर नेमका कट मारता आला तेव्हा तो खुर्चीत पुढे सरकून बसला. के५१००एमचे पैसे वाचले. ते बाजूला ठेवून पुढच्या लग्नसराईआधी डेस्कटॉप करायचं ठरलं: प्रोसेसर इंटेलचा, ११व्या पिढीनंतरचा आणि आतलं ग्राफिक असलेला, कारण अशी १०-बिट फाइल तो झेपवतो. कार्डाचा स्लॉट सध्या मोकळा ठेवायचा. कमाई होईल तसं कार्ड घ्यायचं.

४.४५

तिथेच मांद्र्याहून आलेला एक डिझायनर भेटला. त्याचा लॅपटॉप पातळ, महागाचा, थंडरबोल्ट ४ पोर्टाचा. त्याला बाहेरून कार्ड लावायचं होतं. हा मार्ग खरा आहे. वेगळी पेटी येते, तिच्यात डेस्कटॉपचं कार्ड आणि पॉवर सप्लाय. लॅपटॉपला एका केबलनं जोडायची.

त्याला तीन गोष्टी सांगितल्या. पहिली वाटेची. थंडरबोल्टची वाट ४० गिगाबिटची, त्यातले सुमारे ३२ कार्डाच्या वाट्याला. डेस्कटॉपच्या पूर्ण स्लॉटला पीसीआय एक्सप्रेस ४ मध्ये २५०च्या आसपास मिळतात. त्यामुळे तेच कार्ड पेटीत थोडं मागे पडतं. मॉनिटर थेट कार्डाला जोडला तर कमी. दुसरी खर्चाची. पेटी, कार्ड आणि पॉवर सप्लाय मिळून जी रक्कम होते तिच्यात थोडी भर घातली की अख्खा डेस्कटॉप उभा राहतो. तिसरी गावाची. पावसात वीज जाते तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर तगतो, पेटी तगत नाही; चालू कामात कार्ड निसटलं तर फाइल जाते. यूपीएस धरूनच हिशोब करावा लागतो. ॲपलच्या एम१ आणि त्यानंतरच्या मॅकांना तर ग्राफिकच्या कामासाठी बाहेरचं कार्ड चालतच नाही.

मग त्याचा पोर्ट मी भिंगाखाली बघितला. आतल्या पिनांवर हिरवट थर चढला होता; समुद्राकाठच्या खाऱ्या हवेची देणगी. बारीक ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं तो काढला. असा पोर्ट साधी हार्ड डिस्कसुद्धा मधेच सोडतो, तिथे कार्ड काय टिकणार? रात्री लॅपटॉप बंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवायला सांगितलं. पेटीचं काय ते तो घरी हिशोब करून ठरवेल.

६.३०

परत दुकानात. एक आर्किटेक्चरची विद्यार्थिनी वाट बघत होती. तिच्या लॅपटॉपात एनव्हिडियाचं कार्ड होतंच, तरी स्केचअप रडतखडत चालायचं. ‘‘दादा, याहून मोठं कार्ड घालता येईल?’’

येणार नाही, पण आहे ते तरी पूर्ण चालतंय का? बघितलं तर सॉफ्टवेअर प्रोसेसरच्या ग्राफिकवरच धावत होतं. विंडोजच्या ग्राफिक सेटिंगमध्ये स्केचअपला एनव्हिडियाचं कार्ड नेमून दिलं. चार्जर तिच्या भावाचा, ६५ वॉटचा होता. असल्या लॅपटॉपाला दीडशे वॉटच्या वरचा लागतो, कमी मिळाले की कार्ड स्वतःच हात आखडतं.

मग तळ उघडला. तिचं घर खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून. २०१८च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गोव्यातल्या खाणी थांबल्या होत्या. डिचोलीचा खाण ब्लॉक २०२४ मध्ये पुन्हा चालू झाला. पंख्यातून हिटसिंकच्या पात्यांत शिरायच्या तोंडाशी लाल धुळीचा जाड नमदा जमला होता, चिमट्यानं उचलला तर सलग पट्टी निघून आली. त्यातून हवा जाणार कुठून? चिपवरची पेस्ट वाळून खडू झालेली. सगळं साफ केलं, पंख्याला तेल दिलं, नवी पेस्ट लावली. आधी कार्ड तापून मिनिटाभरात वेग पाडत होतं. आता तिच्या घराचं मॉडेल अर्धा तास फिरवत ठेवलं तरी तापमान ८०च्या खाली राहिलं.

माझ्याकडच्या ग्राफिक वाढवण्याच्या उपायांत सगळ्यात जास्त वेळा उपयोगी पडलेला उपाय हाच आहे. खाण पट्ट्यातला लॅपटॉप दर पावसाळ्याआधी उघडून साफ करायलाच हवा.

८.००

शेवटचं गिऱ्हाईक नवा लॅपटॉप घ्यायच्या बेतात होतं. वडील, मुलगी आणि हातात जाहिरातीचा कागद. मला हे गिऱ्हाईक सगळ्यात आवडतं. लॅपटॉपाचं ग्राफिक एकदाच निवडता येतं, घेतानाच, आणि ह्यांनी त्याआधी विचारलं.

कागदावर दोन लॅपटॉपांपुढे आरटीएक्स ४०५० लिहिलेलं, किमतीत चांगला फरक. नाव सारखं असलं तरी एनव्हिडियानं ही चिप ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत चालवायची मुभा दिली आहे. पातळ लॅपटॉपात तीच चिप बांधून ठेवलेली असते, जाडात मोकळी. तो आकडा जाहिरातीत क्वचितच असतो. कंपनीच्या तपशिलात शोधावा लागतो. आम्ही फोनवर तो शोधला. स्वस्तात ६० वॉट निघाले, महागात १००च्या वर. मुलीला आर्किटेक्चरला जायचंय, पाच वर्षांचं शिक्षण. महाग तोच परवडेल असं वडिलांनाही पटलं.

त्यांना मी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाचं दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टलही दाखवलं. २०२२च्या जुलैत त्यासाठी समिती नेमली गेली, डिसेंबरात पोर्टल आलं. सुटे भाग, वॉरंटी, दुरुस्तीची माहिती कंपनीनं लोकांपुढे ठेवावी असा त्यामागचा हेतू. हेतू चांगला आहे. पण बोर्डाचे नकाशे आणि सुटे भाग आमच्यासारख्या लहान दुकानापर्यंत पोचतील तेव्हाच तो हक्क खरा. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. कचरा कमी करायचा तर मुळात वस्तू उघडता आणि बदलता आली पाहिजे.

९.१५

शटर ओढायच्या आधी आजच्या चौकशांवरून एक कागद तयार केला. उद्यापासून तो काउंटरवर राहील, आणि प्रवेश चालू आहेत तोवर डिचोली-पेडण्याच्या कॉलेजांच्या नोटीस बोर्डावर लावायला देणार आहे. त्यावर एवढंच आहे:

लॅपटॉपाचं ग्राफिक कार्ड सहसा बदलता येत नाही. येतं असं कुणी सांगितलं तर स्लॉट डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

जुना लॅपटॉप असेल तर क्रमानं बघा: रॅमचे दोन्ही स्लॉट भरलेत का, चार्जर मूळ वॉटचा आहे का, सॉफ्टवेअर योग्य ग्राफिकवर चालतंय का, पंखा आणि पेस्ट साफ आहे का. हे सगळं करून भागलं नाही तरच नव्याचा विचार करा.

नवा घेताना आधी काम ठरवा. कार्डाच्या नावासोबत त्याचे वॉट आणि त्याची मेमरी विचारा. रॅमचा स्लॉट मोकळा आहे का ते विचारा.

काम घरीच बसून करायचं असेल तर डेस्कटॉप घ्या. त्यात आजचं कार्ड उद्या बदलता येतं, आणि मुलाला ते स्वतःच्या हातानं बदलता येतं.